गिऱ्हाइकाची खुर्ची

श्रीरामपूर, मंगळवार, १४ मार्च १९९५

आज छापखान्यात कॉम्प्युटर सुरू झाला. खिळे जुळवणाऱ्यांनाच तो शिकवू, असं मालक म्हणाले होते, म्हणून मी लवकर गेले. हे गेल्यापासून मागच्या खोलीत यांच्या जागी मीच शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवते. धड वाचायलाही तिथेच शिकले. लग्नपत्रिका तर सगळ्या माझ्याच हातच्या.

पडद्यापुढे बसले, तर मालक म्हणाले, "वहिनी, तुमी न्हाई."

"का?"

त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आता गिऱ्हाईक इथं बसून पत्रिका करून घेनार. गणपती वर घ्या, नाव मोठं करा म्हननार. अन् नवरीच्या बापाला समोर दिसनार तुमचं मोकळं कपाळ."

"इतकी वर्षं मीच जुळवल्या ना?"

"मागं कोन बघत हुतं?"

खरंच, कोण बघत होतं? त्या नवऱ्यामुलींचे संसार तर चाललेत. कॉम्प्युटरची मला भीती नव्हती, शिकले असते. पण ती खुर्ची. दिवसभर तीच डोळ्यांपुढे आहे. साधी लोखंडी, घडीची.

खिळे उद्या भंगारात जाणार. निघताना मालकांना दया आली असावी. म्हणाले, "दहाव्याच्या पत्रिका आल्या की कॉम्प्युटरवर बसायला बोलावतो. त्याला तुमी चालता."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी आले, तर शेजारचे आप्पा ओट्यावर खोकत बसले होते. औषध घेतलं का, असं मी त्यांना रोज विचारते. आज विचारलं नाही.