शिवराक बांय

आई, तुम्ही बांयच्या कठड्याला गुडघा टेकून देवाची कळशी ओढत होतात आणि मी मागच्या दारात बांगडे धूत होते. तुमची सून होऊन आले त्याला महिनाही झाला नव्हता. चूल पेटली होती, पेज रटरटत होती, अंगण झाडायचे राहिले होते. तुम्ही कळशी घेऊन आत गेलात, मला पाणी कमी पडले, म्हणून मी मासळीची बालदीच दोराला बांधून विहिरीत सोडली. तुम्ही उंबऱ्यातून पाहिलेत. "बांय बाटवलंस गे!" एवढेच म्हणालात. मग तुम्ही, मामंजी आणि तुमचे दोन्ही मुलगे दिवसभर पाणी उपसत राहिलात, तळाचा गाळ दिसेपर्यंत. संध्याकाळी माझ्याशी कोणी बोलेना. तेव्हा तुम्ही पाव गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा कागद माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "वाच. काय लिवलांहा तां माका सांग." तुम्हाला अक्षर येत नव्हते. मीही शाळेत न जाता अशाच कागदांवरून वाचायला शिकले होते. मी वाचत गेले, तुम्ही तांदूळ निवडत ऐकत राहिलात. राग गेला हे मला तेवढ्यावरून कळले. पण त्या दिवसापासून हेही कळले की आपली बांय शिवराक आहे. आपण फक्त सोमवारी मासे खात नाही. ती कुठल्याच वारी खात नाही.

आता घरात नळ आहे. तुमच्या धाकट्या सुनेने सोमवारी देवाच्या अभिषेकाला बांयची एक कळशी काढली, की बाकी आठवडाभर ते पाणी कोणी हलवत नाही. माझी लेक बाळंतपणाला नवऱ्याच्या गावाहून, तुयेहून आली आहे. मुलगा झाला. तिन्हीसांजेला डासांचा असा गजर सुरू होतो की बोललेले ऐकू येत नाही. मी नारळाच्या सोडणांची धुरी करते, तर बाळ खोकते. धुरी विझवली, की त्याचे कपाळ लाल. मच्छरदाणीत त्याला आणि तिला किती वेळ कोंडणार? शेजारच्या घरातली सून तापाने इस्पितळात आहे. आणि ताप म्हटले की मी पुन्हा पुन्हा बाळाचे कपाळ चाचपते. तुम्हाला हे माहीत नाही, आई, तुम्ही तेव्हा नव्हता. तुमचा थोरला, माझा नवरा, तापानेच गेला. तो ताप कुठून आला ते कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

डासांच्या कामावरची मुलगी गेल्या आठवड्यात आली. तिच्यासारख्या कितीतरी जणी इकडे हळर्णपासून तुयेपर्यंत आणि तिकडे डिचोलीत सर्वणपर्यंत दारोदार फिरतात. पडलेले टायर उलटे करतात, नव्या बांधकामांवरची पिंपे ओततात, संडासाच्या टाकीच्या नळीला जाळी बांधतात. तिने दोरीला बांधलेले पांढरे भांडे बांयत सोडले आणि वर काढून माझ्यासमोर धरले. पाणी वळवळत होते. "काकी, साऱ्या वाड्यार आमी फिरलो, आनी ही एक बांय उरली तर सगळा फुकट," ती म्हणाली. औषध नको, देवाचे पाणी आहे, असे मी म्हटले. जाळी बसेना, कठडा एका बाजूने ढासळला आहे. मग तिने पिशवीतले मासे दाखवले. बोटाच्या पेराएवढे, अळ्या खाणारे.

माझे दीर पडवीतून उठून आले. "वैनी, तेत मासे सोडूक मी देवचंय नाय. ह्या पाणी देवाक जाता."

जाऊ म्हणाली, "सोमवारी आमी शिवराक, आनी बांय मासळीची?"

"काकी, हे मासे कोण खाता?" मुलगी हसून म्हणाली. "हेंचा हुमण करूक गेलात तर ताटात कांदोच गावतलो."

आतून माझी लेक बाळाला घेऊन दारात आली. "काका, देवाक मासे चलत नाय, आनी माज्या झिलाक डास चलतत?" दीर वाईट नाहीत, आई. बाळाच्या बारशाचा पाळणा त्यांनीच बांधला. ते म्हणाले, "देवाक विचारूया." आणि मी सगळ्यांसमोर हो म्हटले. तुमच्या घरात मी हेच शिकले होते.

देवळात कौल लावला. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या, पुजाऱ्याने गाऱ्हाणे घातले: बांयत मासे सोडायचे असतील तर उजवा प्रसाद दे, बा महाराजा. आम्ही हात जोडून उभे आहोत. समईची ज्योत हलते आहे आणि पाकळी पडत नाही. मी डोळे मिटले नाहीत. मग डावी पाकळी सुटली. सुटली आणि खाली आली. दिरांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. वाटेत फक्त म्हणाले, "वैनी, आता आमच्या हातात काय नाय."

घरी आलो तर लेक बाळाची दुपटी घडी करत होती. "उद्या सांजच्या आधी मी तुयेक जातंय. तू तुझ्या देवाक सांभाळ." सव्वा महिना झालेला नव्हता. तिकडे तिच्या मदतीला कोणी नाही, नवरा दिवसभर कारखान्यात असतो. मी तिला अडवले नाही. काय सांगून अडवणार होते?

मी मागच्या दारात जाऊन बसले. देवाचा शब्द मोडायची माझी छाती नाही, आई. मी वाचते खूप, पण वाचून तेवढे धैर्य येत नाही. देवाने नाही म्हटले, ते मी ऐकले. पण बाळाच्या कपाळाकडे पाहिले, की ते ऐकलेले माझ्या आत टिकेना. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, हे मी बराच वेळ मनात घोळवून पाहिले. तुम्ही "नको"च म्हणाला असता. माझ्यावर न ओरडता, एका शब्दात. आणि तुमचा शब्द मला कधी मोडता आला नाही, आताही आला नसता. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षे झाली. सणावाराला, दुखण्याखुपण्याला, तुमचा मुलगा गेला तेव्हा तर फारच, तुम्ही हव्या होतात असे वाटत आले आहे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला बरे वाटले, की तुम्ही नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढे लिहिता आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डासांच्या कामावरच्या त्या मुलीला मासे घेऊन बोलावले, आणि दीर पडवीत बसलेले असताना, त्यांच्या समोरून तिची पिशवी हातात घेऊन मी बांयवर गेले आणि मासे सोडले.