नाल्याकडे गेलेला पाइप

भद्रावती,
१४ डिसेंबर १९८६

प्रिय सोमाजी,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. कापूस वेचणं चालू आहे. सीता मामाची आठवण काढते. तुझा निरोप मिळाला. शेडला कुलूप लागलं ते सुकलू ढिवरामुळे, आणि नागपूरहून आल्यावर त्याला बघून घेशील, असं तू म्हणालास.

तुझं काम वाईट नव्हतं रे. खताच्या कारखान्यातले निकामी झालेले कॅटालिस्टचे दाणे आणायचे, तेजाबात विरघळवून त्यांतलं प्लॅटिनम काढायचं. नवी खाण खोदायला नको, जंगल तुटायला नको. तेजाबाचं पाणी चुन्याच्या हौदात निवळवून पुन्हा वापरीन, कुंपणाबाहेर थेंब जाणार नाही, असं तू म्हणालास. तेच मी विहारात उभी राहून गावाला सांगितलं. शेडसाठी माझ्या शेताचा तुकडाही दिला.

दिवाळीनंतर नाल्यात मासे उलटे तरंगले. सुकलूची बायको अन्नपूर्णा पाण्यात उभी राहून मासे धरते; तिच्या पायांची सालं निघाली. शेडमधून नाल्यात पाइप सोडलाय असं लोक म्हणू लागले, म्हणून मी तुला विचारलं. तू माझ्या सीतेच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "ताई, पाइप-बिइप काई नाई. लोकाईचं काऊन ऐकतेस?"

मी तुझं ऐकलं. सुकलू दारात आला तेव्हा त्यालाच खोटा ठरवून परत पाठवलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तुमच्या शब्दावर आमी हो म्हनलं होतं."

मग मला घरात बसवेना. मी कुदळ घेऊन शेडमागे गेले. तुरीच्या ओळीखाली पाइप निघाला, थेट नाल्याकडे गेलेला. हौद कोरडा होता आणि चुन्याची पोती शिवलेलीच होती. सोमाजी, चुना टाकायला काऊन जिवावर आलं तुझ्या?

गावाला फसवलंस, ते कदाचित मी सोसलं असतं. पण माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललास.

चंद्रपूरहून पाणी तपासणारे सरकारी साहेब आले, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले, मग शेडला कुलूप लागलं. त्यांना बोलावणारा सुकलू नव्हता. मी चंद्रपूरला जाऊन त्यांना घेऊन आले, पाइपही मीच दाखवला. सुकलूच्या वाटेला जाऊ नकोस. राग काढायचा तर माझ्यावर काढ.

गावात आलास तर आधी अन्नपूर्णेच्या दारात जा, तिचे पाय बघ. मग माझ्याकडे ये. जेवायला वाढीन. बोलेन की नाही, सांगता येत नाही.

तुझी ताई,
गिरजा