श्रेयसचा कप्तान

रामवाडी, पेण
७ मार्च

चि. सौ. वृंदास,
अ. उ. आ.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून लिहितो. श्रेयसच्या जहाजाची काही खबर? कंपनी अजून तेच सांगत असेल, युद्धामुळे संपर्क तुटलाय म्हणून.

शनिवारी पुन्हा पाटी घेऊन एसटी स्टँडसमोर उभा राहिलो. ‘युद्ध थांबवा, त्या पैशांत शाळा बांधा.’ जोह्याच्या मूर्तिकार मोरूने गणपतीच्या उरलेल्या सोनेरी रंगात अक्षरं काढलीत, त्यामुळे लोकांना आधी पूजेचं आमंत्रण वाटतं. एकाने विचारलं, मास्तर, तुमचं तिकडं कोण ऐकनार हाय. आजूबाजूचे हसले. तूही हसलीच होतीस.

आमच्या मामा-भाच्यांचा फुटबॉलही अडलाय. मोबाइलवर खेळाडू निवडायचे, खऱ्या सामन्यात ते खेळतील तसे गुण आपल्याला, कप्तानाचे दुप्पट. जहाजावर जाताना तुझ्या लेकाने घोटा दुखावलेल्या एका गड्याला कप्तान केलं. मी म्हटलं, लंगड्यावर दुप्पट ओझं कशाला? तर म्हणे, मामा, तो परत येईल, धीर धर.

भांडलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
विष्णुदादा

रोहा
१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, श्रेयस सुखरूप आहे. तुमची टीम बघायला त्यानेच मला शिकवलं होतं. काल सहज उघडली तर कप्तान बदललेला. घोटेवाला काढून तो उंच स्ट्रायकर घेतलाय. म्हणजे मोबाइल त्याच्या हातात आहे.

धावीर महाराजांना नारळ देऊन आले, आळीत पेढे वाटले. सूनबाई, आपली ऋजुता, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. तुझ्या पाटीला हसले होते, राग धरू नकोस. आता जरा घरी बस. वहिनींना नमस्कार.

तुझी,
वृंदा

पेण
१९ मार्च

चि. सौ. वृंदास,
अ. उ. आ.

हे पत्र दोनदा फाडलं. कप्तान मी बदलला. पासवर्ड आम्हा दोघांकडे आहे. गुण फुकट जात होते, तेवढंच मला दिसलं. तू तिथे बघत असशील हे डोक्यातही आलं नाही. जन्मभर पोरांना अक्कल शिकवली आणि स्वतःला एवढी नाही.

कंपनीत फोन केला होता. तिथला माणूस आता ‘संपर्क’ म्हणत नाही, ‘शोध’ म्हणतो. ऋजुताला तू सांगू नकोस, मी येऊन सांगतो.

लोभ मागायला तोंड नाही.
विष्णू

रोहा
२३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा फार राग आला, अजून गेलेला नाही. ऋजुताला मीच सांगितलं. ती वाढलेलं ताट झाकून आत गेली.

मोरूला माझ्यासाठी एक पाटी सांग. सोनेरी नको, काळी अक्षरं. शनिवारी रोह्याच्या स्टेशनसमोर मी उभी राहणार आहे. त्याने काही थांबणार नाही, हे तुझ्याइतकंच मलाही कळतं.

आणि कप्तान होता तो परत ठेव. घोटेवाला आता या मोसमात खेळणार नाही म्हणतात. न खेळू दे. श्रेयसने ठेवलाय तो. त्यानंतर टीमला हात लावू नकोस.

लोभ आहेच, तो कुठे जातोय.
तुझी,
वृंदा