तंबोऱ्यावरची दोन बोटं

सदाशिव पेठ, पुणे
गुरुवार

प्रिय उत्कर्षा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता टाइप केला आहे आणि फॉन्टही मुद्दाम सरकारी नोटिशीसारखा निवडला आहे. वीस वर्षं लोकांना अंक हातात घ्यायला लावण्याचा धंदा केला, त्याचा हा असा उपयोग. तुझ्या घरचा पत्ता मला ठाऊक नाही, म्हणून सांगलीच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. स्टाफरूममध्ये वाचू नकोस. घरी ने, दार लाव आणि मग वाच.

बाई गेल्या. मंगळवारी पहाटे, धायरीच्या घरी, झोपेतच. पेपरात वाचलं असशील. वैकुंठ स्मशानभूमीत दीड-दोनशे माणसं होती, गाणारी निम्मी आणि गाण्यातलं कळतं असं समजणारी निम्मी. तू नव्हतीस. तू येणार नाहीस हे मला माहीत होतं, पण बाकीचे शेवटपर्यंत फाटकाकडे बघत होते. मग बोलायला सुरुवात झाली. अकरा वर्षं पायाशी बसून शिकली, आणि शेवटचं तोंड बघायलाही आली नाही, काय हे कृतघ्नपण, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या एकीनं 'जाऊ द्या हो, सत्यशीलाबाईंचंच नशीब खोटं' म्हणून सुस्कारा सोडला. मी हातभर अंतरावर उभा होतो. सगळं ऐकलं आणि चपला शोधायच्या निमित्तानं बाजूला झालो. चपला माझ्या पायातच होत्या.

आता कामाचं सांगतो. आमच्या 'मींड' मासिकाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ तयार होतं, ते बाजूला काढून बाईंना घ्यायचं ठरलं. रंगनाथराव एक्क्याऐंशी वर्षांचे झाले तरी संपादकाची खुर्ची सोडत नाहीत, पण फोटोचं त्यांनी नेहमीसारखं माझ्यावर सोपवलं. मी त्या जानेवारीतल्या मैफलीचा जुना फोटो शोधून काढला. हो, तोच. पण या वेळी अख्खा. पुढं बाई, आणि त्यांच्या उजव्या खांद्यामागं तंबोरा घेऊन बसलेली, डोळे मिटून गाणारी तू. छापून पाकिटात ठेवला आहे, बघ. सोमवारी दुपारी मुखपृष्ठ छापायला जाईल. त्याआधी तुझा होकार हवा, ऑफिसात फोन कर. तू काय म्हणशील ते मला इथं बसून ऐकू येतंय. ज्या बाईनं मला फोटोतून कापून टाकलं, तिच्या मागं मी आता शोभेला बसू? दहा वर्षं तू हेच मनात धरून आहेस, आणि तू धरलंस त्यात तुझं काही चुकलं नाही. तरी पत्र पुरतं वाच, मग काय ते ठरव.

तू पहिल्यांदा ऑफिसात आलीस ती बाईंच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची जाहिरात घेऊन. दवाखान्यावरची आमची ती एक खोली, जिना चढतानाच औषधांचा वास. मी जाहिरात चौकटीत बसवत होतो आणि तू मागं उभी राहून जुने अंक चाळत होतीस. मग म्हणालीस, तुमच्या मासिकात दागिने छान दिसतात हो, गाणं कुठं दिसतं? मला राग आला. गाणं ऐकायचं असतं, ते दिसत नाही, असं मी तोडून टाकलं. त्यावर तू शांतपणे विचारलंस, मग फोटो कशाला छापता? मी चहा मागवला. पुढं वर्षभरात आपलं लग्न झालं आणि रंगनाथराव सगळ्यांना सांगत सुटले, की आमच्या मासिकातल्या जाहिरातीचा एवढा चांगला परिणाम दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

आपले रविवार आठवतात का गं? स्वारगेटला स्टँडबाहेर मासिकांचा स्टॉल होता. दोरीला चिमट्यांनी अंक टांगलेले, एकाखाली एक, त्यामुळे प्रत्येकाचा वरचा वीतभर भागच दिसायचा. मी तुला समोरच्या फुटपाथवर उभं करून माझी विद्या शिकवायचो. गाणाऱ्याचे डोळे त्या वीतभरात आले पाहिजेत आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघत असले पाहिजेत. डोकं मासिकाच्या नावावर थोडं चढलेलं हवं, म्हणजे माणूस पानातून बाहेर येतोय असं वाटतं. मागं एकच रंग, शक्यतो हळदी, तो रस्त्याच्या पलीकडून कळतो. मथळा तीन शब्दांपेक्षा मोठा नको, कारण एसटी पकडायला निघालेला माणूस चौथा शब्द वाचत नाही. आणि चेहऱ्यापाशी दुसरं कुणी नको. तबलजी नको, पेटीवाला नको, तंबोरेवाले तर नकोच नको. अरे, पण तंबोऱ्याशिवाय गाणारे गातील कसे, असं तू शेंगदाणे खात विचारायचीस. मग कोण अंक घेईल यावर आपली पैज लागायची आणि दर वेळी तू जिंकायचीस. मी माणसांचे चेहरे बघायचो, तू त्यांचे हात बघायचीस. ज्याच्या हातात सामान नाही तोच थांबतो, म्हणायचीस. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्या संध्याकाळचं मी तुझ्याशी कधी धड बोललोच नाही. बाई पूरिया गात होत्या. वर जाताना त्यांचा आवाज एकदम फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. सभागृहात सगळे खुर्चीच्या कडेला आले. बाईंनी मागं न बघता हात मागं केला, बोटांनी खूण केली, आणि तू गायला लागलीस. अकरा मिनिटं. घड्याळ बघितलं होतं मी, दुसरं कुठं बघायची हिंमत होत नव्हती. नंतर बाईंनी पाणी पिऊन समेवर गाणं परत हातात घेतलं आणि मैफल पार पाडली. घरी येताना स्कूटरवर तू मागं बसून हेल्मेटच्या आत गात होतीस, आणि सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून बघत होता. मी आयुष्यात इतका सुखी कधी झालो नाही. नंतर तर नाहीच नाही.

आणि मग तो फोटो माझ्या टेबलावर आला. बाई समोर बघतायत, डोळे थकलेले. तुझा चेहरा मागं अर्ध्या उजेडात, पण इतका जिवंत, की नजर बाईंवर ठरेचना, घसरून तुझ्याकडेच जायची. नवशिक्यालाही कळेल, मुखपृष्ठाला हे चालत नाही. वाचकाच्या नजरेला दोन ठिकाणी बोलावलं तर ती तिसरीकडेच जाते. मी बाईंच्या खांद्यापाशी रेघ मारली आणि कापलं. तरी तंबोऱ्याचा दांडा राहिला आणि त्याच्या तारांवर तुझी दोन बोटं राहिली. ती बाईंच्या खांद्यावर उगवल्यासारखी दिसत होती. तीही पुसली. तिथं हळदी रंग भरला, आणि त्या रिकाम्या जागेत मथळा टाकला: 'एकहाती मैफल'. अर्ध्या तासाचं काम. अंक आठवड्यात संपला, पुन्हा छापावा लागला. त्या वर्षीचं मांडणीचं पारितोषिकही त्याच मुखपृष्ठाला मिळालं.

अंक घरी आणला तेव्हा तू कणीक मळत होतीस. हात न धुताच बघितलास. तुझ्या अंगठ्याचा पिठाचा ठसा बाईंच्या पदरावर उमटला. हे कुणी केलं, एवढंच विचारलंस. आणि तुला उत्तर मिळालं, की बाईंच्या घरून रंगनाथरावांना फोन होता, मुखपृष्ठावर शिष्या नको म्हणून. पोळ्या केल्यास, वाढल्यास. दुसऱ्या दिवशी धायरीला गेली नाहीस, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि चौथ्या दिवशी तंबोरा गवसणीत घालून कपाटावर ठेवलास. पहाटे पाचला ज्या घरातून सूर यायचा तिथून मिक्सरचा आवाज यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनीसुद्धा विचारलं, सूनबाई आजारी आहेत का. मग तू शाळेत नोकरी धरलीस. आपण भांडलोही नाही गं. एखादं भांडण झालं असतं, तर मी काहीतरी बोलून गेलो असतो. पुढची पाच वर्षं आपण एकमेकांना नीट जेवायला वाढलं, आणि मग कोर्टात सह्या केल्या.

मी मात्र बाईंकडे जात राहिलो, हे तुला माहीत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताजा अंक घेऊन धायरीला. बाई अंक हातभर लांब धरून बघायच्या आणि दर फोटोवर एकच प्रश्न विचारायच्या: मागं कोण बसलंय? मला सांगता यायचं नाही. मग डाफरायच्या, नाव छापत जा, ती पोरं हवेतून येत नाहीत. त्यामुळं गेली नऊ वर्षं 'मींड'मध्ये तंबोऱ्यावर कोण होतं ते फोटोखाली छापलं जातं. लोकांना वाटतं रंगनाथरावांचा मोठेपणा. शेवटच्या दोन वर्षांत बाईंची नजर गेली, तेव्हा मी पानं वर्णन करून सांगायचो. डावीकडे फोटो, उजवीकडे मजकूर, खाली वीतभर मोकळी जागा. ती मोकळी जागा ऐकून त्या म्हणायच्या, शहाणा झालास हो.

आता जे लिहायला बसलो होतो ते. फोटोची परवानगी हे निमित्त आहे. बाईंच्या घरून कुणाचाही फोन आला नव्हता. ते मी बोललो. कापलं मी, पुसलं मी, आणि तू विचारलंस तेव्हा तुझे डोळे बघून माझं धाबं दणाणलं आणि तोंडाला येईल ते नाव मी पुढं केलं. उद्या खरं सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू क्लासला गेली नाहीस, आणि खरं सांगणं त्या दिवसापेक्षा अवघड झालं. मग रोज थोडं जास्त अवघड होत गेलं. अंक आला त्याच दिवशी फोन खरंच आला होता, पण मला, ऑफिसात, खुद्द बाईंचा. काय रे, तंबोरा आपोआप वाजत होता काय? माझी पोरगी कुठं गेली? नंतर तू का येत नाहीस म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, शाळेमुळे तिला वेळ होत नाही. दोन्हीकडे मीच खोटं बोललो आणि दोघींनी माझ्यावर विश्वास ठेवला. परवा वैकुंठातून आल्यावर हे रंगनाथरावांना सांगितलं. चष्मा पुसत ते म्हणाले, मला काय सांगतोस, तिला सांग. सांगतोय. तुला नावं ठेवणाऱ्यांनाही कळायला हवं, म्हणून दिवाळी अंकात बाईंवरच्या लेखाआधी हे सगळं माझ्या नावानिशी छापतोय. त्याला मी तुझी परवानगी विचारत नाही. फोटोचं मात्र तू म्हणशील तसं. नाही म्हणालीस तर मुखपृष्ठ कोरं जाईल, पण तुला कापलेला फोटो मी पुन्हा छापणार नाही. आणि एक निरोप आहे, तो पोचवल्याशिवाय मला सुटका नाही. या महिन्यात गेलो तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन बाई म्हणाल्या, उत्कर्षा का गेली ते मला कळलंय. त्या दिवशी ती रंगात आली होती आणि मी गाणं तिच्याकडून मधेच काढून घेतलं. तिला पुरतं गाऊ द्यायला हवं होतं. माझंच चुकलं म्हणावं, मनात धरू नकोस. मी बशी रिकामी केली, हो म्हणालो आणि निघून आलो. उत्कर्षा, ज्या कारणानं तू गेलीच नव्हतीस, त्याची माफी मागत बाई गेल्या.

कागदोपत्री आता कुणीही नसलेला, तरी तुझाच,
अभिनव