सात वाजताच्या दोन रिंगा

कॉर्क, आयर्लंड
दि. १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले हे तुला फोनवर कळलंच आहे. त्यापुढे काही सांगायला जावं तर मिनिट उलटायच्या आत, पंचावन्न सेकंदांत, तू फोन ठेवतोस. इथल्या सिमवरून बोलायला मला वेगळे पैसे पडत नाहीत हे तुला तीनदा सांगून झालं. म्हणून हे पत्र. टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला नाहीतरी कागदावरचंच खरं वाटतं.

सृष्टी बरी आहे. महिनाअखेरीची तारीख दिली आहे. जावईबापू शिवराज मला चहासुद्धा करू देत नाहीत, त्यामुळे बाळंतपणाला मी आले आहे की ते, हा प्रश्नच आहे.

आता संतापाचं ऐक. निघायच्या आधी मी सोलापुरात मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन परदेशातला पॅक लावून घेतला होता ना? तू सोबत होतास. तो पोरगा काय म्हणाला होता, लावलंय मॅडम, बिनधास्त जावा. मी बिनधास्त गेले. विमानात सगळे झोपले, मीही झोपले, आणि माझा फोन मात्र जागा राहून विमानातल्याच कुठल्या नेटवर्कला चिकटला. आपल्या गावच्या, करकंबच्या हुरडा पार्टीचे एकूण एक व्हिडिओ त्याने आकाशात बसून उतरवून घेतले. मी इथे पाय ठेवते तोच मेसेज आला, अकरा हजार चारशे रुपये! पॅक जमिनीवरच्या देशांचा होता म्हणे, आकाशाचा नव्हता. मी काय इथपर्यंत एस.टी.ने येणार होते? कणसं भाजतानाचा धूर बघायचे अकरा हजार! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तडक सिम काढलं, कागदात गुंडाळलं आणि कुंकवाच्या करंड्यात टाकून दिलं.

शिवराजनी कोपऱ्यावरच्या दुकानातून इथलं सिम आणून दिलं. वीस युरोत महिनाभर इंटरनेट, भारतात बोलणंही त्यातच. म्हणजे स्वस्तात देता येतं! आपल्यालाच कुणी देत नाही.

आईला माझ्या रोजच्या दोन रिंगा मी या नव्या नंबरावरून देत आहे, तुमच्या सातला, आमच्या दीडला. मिळतात ना? वहिनींना नमस्कार.

लोभ आहेच, तो या बिलासारखा न सांगता वाढत राहो.

तुझी,
विजू


सोलापूर
दि. २७ जानेवारी २०२५

चि. विजयमाला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. तेरा दिवस लागले, पण पाकिटाला तिकीट लावलं तेवढ्यातच आलं. वाटेत ढग लागले म्हणून आमच्या खात्याने कधी कुणाकडे जादा मागितले नाहीत.

गॅलरीत तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा टोकन घ्या म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, ॲपवर तक्रार करा. माझा बटणांचा फोन दाखवला तर त्या मुलीने हसून पाण्याचा ग्लास पुढे केला. तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते, ते साडेअकरालाच. मी आता रजिस्टर पत्र पाठवलं आहे, पोचपावतीसह.

पण खरं लिहायचं ते वेगळंच. फोनवर तुला बोललो नाही. तुझ्या रिंगा आईला मिळत नाहीत.

कर्जवाल्यांचे आणि बँकेच्या नावाने फसवणाऱ्यांचे फोन येऊन तिच्या कमरेच्या पिशवीत तो फोन दिवसभर थरथरायचा, म्हणून शेजारच्या अक्कम्माच्या नातीकडून, पायलकडून, आपणच बंदोबस्त करून घेतला होता. घरातले पाच नंबर सोडून कुणाचाही फोन लागू नये असा. तुझा आयर्लंडचा नंबर सहावा म्हणून घातला. तर तिकडून येणारा फोन दर वेळी वेगळ्याच नंबराने येतो, आणि आपलाच बंदोबस्त त्याला बाहेर हाकलतो.

आईचे कान गेले त्याला नऊ वर्षं झाली. तू मैंदर्गीच्या शाळेतून घरी पोचलीस की दोन रिंगा द्यायचीस. पिशवी दोनदा थरथरली की ती म्हणायची, पोचली, आणि मग ताटावर बसायची. तू रिटायर झालीस तरी तो नेम चालू राहिला. आता ती सातला फोनवर हात ठेवून बसते. आठ होतात, नऊ होतात. ताट परत जातं. तुझ्या वहिनीने, महादेवीने फार आर्जवं केली तर पेलाभर दूध घेते. पायलने तिच्या मोबाइलवर तुझा चेहरा दाखवला, पण आईच्या डोळ्यांना काय दिसणार? म्हणाली, नुसते रंग हालत्यात.

काल ती मला म्हणाली, विजू गेली, तुमी मला सांगत न्हाय.

भीमा गेला तेव्हा आपण तिला चार दिवस फसवलं होतं, दवाखान्यात हाय म्हणून. ते ती विसरलेली नाही. महादेवी म्हणाली, बाहेरच्या खोलीतून तुम्हीच द्या की दोन रिंगा, तिला काय कळतंय. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. धाकट्या भावाच्या वेळी केलं ते पुन्हा नाही करायचं मला.

तुझा सोलापूरचा नंबरच हवा. किती पडतात ते बघ.

आशीर्वाद आहेतच, आठवण ठेव असं तुला लिहावं लागत नाही.

तुझा,
गोपाळदादा


कॉर्क
दि. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझ्यावरचा राग. सृष्टीला मुलगी झाली हे सांगायला मी तीस तारखेला फोन केला, आई कशी आहे विचारलं, तर मजेत आहे म्हणालास! आणि मजेत कशी आहे ते मला पत्रातून शुक्रवारी कळलं. पंचावन्न सेकंदांत एक खरं वाक्य बसत नाही का रे? आईला फसवायचं नाही म्हणतोस, आणि मी काय तुझ्या खात्यात जमा नाही?

पत्र वाचून मी करंडा उपडा केला. सिम कुंकवाने माखलेलं, साडीच्या पदराने पुसलं. बाळ रडत होतं, मी रडत होते, सृष्टीला कळेना आधी कुणाला घ्यावं.

मग कंपनीला फोन. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा. पहिली बाई म्हणाली, आधी काही हजारांचा पॅक घ्या. मी म्हटलं, मला बोलायचं नाही, फक्त वाजवायचं आहे. तिला वाटलं माझी चेष्टा चालली आहे. दुसऱ्याने तोच पॅक दर दहा दिवसांनी परत घ्यायला सांगितला. शेवटी शिवराज कंपनीच्या वेबसाइटवर बसले आणि बारीक अक्षरांतलं एक कलम त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. समोरच्याने फोन उचलला नाही तर पैसे लागत नाहीत. इंटरनेट बंद ठेवलं की त्याचेही नाहीत.

दादा, फुकट होतं! नऊ वर्षं मैंदर्गीतून जसं फुकट होतं तसंच इथूनही. चौतीस दिवस माझी आई ताट परत पाठवत होती आणि ते कशासाठी, तर एक ओळ कुणाला सांगता आली नाही म्हणून. पाण्याचा ग्लास देता येतो, हसता येतं, पॅक विकता येतो. आज्जी, काळजी नको, मिस्ड कॉलला काही पडत नाही, हे म्हणायला काय जात होतं त्यांचं? माझ्या वर्गात असते ना ही सगळी, तर बाकावर उभी केली असती.

काल दीडला पहिल्या दोन रिंगा दिल्या. आता रोज देणार. बाळ खांद्यावर असतं, म्हणून फोन लावून टेबलावर पालथा ठेवते, आठपर्यंत आकडे मोजते आणि बंद करते. दोन रिंगा बरोब्बर होतात. आई जेवली का ते लगेच कळव. फोनवर कळव! आणि खरं कळव.

रागावले असले तरी तुझीच आहे, तेव्हा माया कमी करू नकोस.

विजू


सोलापूर
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद. नातीला पापा.

फोनवर जेवली एवढंच सांगितलं, बाकीचं लिहितो. त्या दिवशी मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. सातला पिशवी थरथरली. आईने वरून हात दाबून धरला. दुसऱ्यांदा थरथरली. आम्ही जागचे हललो नाही. मग म्हणाली, हाय. जिती हाय. वाडा की आता.

दीड भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, वर महादेवीला म्हणाली, आमटीत मीठ लई झालंय. महादेवीला इतका आनंद झाला की तिने खारट आमटी मलाच दोनदा वाढली.

तेव्हापासून सगळं ठीक आहे. सातला ती आता मागच्या पडवीत एकटी जाऊन बसते, आम्हाला हात हलवून हाकलते. पाच मिनिटांनी येते आणि पाटावर बसते. मीही बरा आहे. माझ्या रजिस्टर पत्राला कंपनीने माझे मनःपूर्वक आभार मानले आहेत. बिलाबद्दल अक्षर नाही.

तुम्हां सर्वांना आशीर्वाद, शिवराजना जरा जास्त, त्यांनी बारीक अक्षरं वाचली.

गोपाळदादा


कॉर्क
दि. १० मार्च २०२५

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

ही माणसं आहेत की दरोडेखोर? पुन्हा बिल आलं! बरोबर यादी जोडली आहे. सव्वीस दिवसांचे सव्वीस फोन, प्रत्येक एका मिनिटाचा, प्रत्येकाला परदेशातला दर. मी विचारलं, न उचललेल्या फोनला पैसे कसले? तर म्हणतात, समोरून उचलला गेला आहे.

उचलला गेला! माझ्या आईने! नऊ वर्षांत जिने एकदाही फोन उचलला नाही, जिला कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही, ती रोज सातला यांचा फोन उचलते म्हणे. मी त्या माणसाला म्हटलं, बाळा, ती उचलून करणार काय? तर तो म्हणाला, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय. सिस्टीमने माझी आई बघितली आहे का?

दादा, हे मी सोडणार नाही. पैशांचं जाऊ दे, पण धडधडीत खोटं बोलतात आणि तेही आईच्या नावावर. ही यादी घेऊन गॅलरीत जा. टोकन घेऊ नकोस. तुझा पोस्टातला आवाज काढ, तो पोस्टमन लोकांवर काढायचास तो. ग्राहक मंचात जायचं तर माझी तयारी आहे. आई फोन उचलत नाही, याला साक्षीदार म्हणून अख्खं करकंब उभं करते.

नातीचं नाव श्रावणी ठेवलं. आईला कसं सांगशील? नाव जमलं नाही तरी तिच्या हातावर कोपरापर्यंत बाळाएवढी लांबी दाखव, तिला कळेल.

हे भांडण जिंकून दे, बाकी माझ्यावरची माया तुला सांगून वाढवायची नाही.

विजू


सोलापूर
दि. २४ मार्च २०२५

चि. विजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि यादी शनिवारी मिळाली. तडक गॅलरीत गेलो. पोस्टातला आवाज काढला. इतका काढला की सिम घ्यायला आलेली दोन माणसं निघून गेली. म्हटलं, माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे, ठार बहिरी आहे, ती फोन उचलते हे लेखी द्या. साहेब म्हणाले, तुम्ही ती उचलत नाही हे लेखी द्या. म्हटलं, उद्याच देतो.

आपण सरकारी माणूस, म्हणून रीतसर पंचनामाच करायचं ठरवलं. रविवारी संध्याकाळी पायलला घड्याळ घेऊन साक्षीला बोलावलं. सातच्या आधी आम्ही दोघं पडवीच्या दाराआड उभे राहिलो. कागदावर मी आधीच लिहून ठेवलं होतं, सात वाजता दोन रिंगा वाजल्या, फोन उचलला गेला नाही. फक्त सह्या राहिल्या होत्या.

पिशवी थरथरली. आईने फोन बाहेर काढला. अंगठ्याने बटणं चाचपली. हिरव्या बटणावर डांबराचा एक टिपका आहे. तो महादेवीकडून तिने मागेच लावून घेतला होता, हे मला नंतर कळलं. तो टिपका सापडल्यावर तिने बटण दाबलं, फोन तोंडासमोर धरला आणि बोलायला लागली.

म्हणाली, विजू, मला काय ऐकू येत न्हाय. तुला येतंय न्हवं? मी बरी हाय. आता जेवते. तू बी वेळंवर जेव. पोरीला थंडीत भाईर काडू नगं.

मग फोन पदराला पुसून पिशवीत ठेवला आणि उठली.

पायल माझ्याकडे बघत होती. मी कागद फाडला. कंपनीचा राग गेलेला नाही, उलट वाढला आहे. इतक्या दिवसांत एकदाच खरं बोलले, आणि ते असलं.

फोन उचलला की तुला पैसे पडतात हे आईला तिच्या हातावर खुणेने सांगावं म्हणून जेवताना हात पुढे केला. ती भाकरी मोडत होती. हात तसाच मागे घेतला. बिल येईल तसं येऊ दे, माझी पेन्शन आहे. तू त्यांच्याशी भांडू नकोस.

काल तुझ्या फोनवर हॅलो हॅलो करून तू वैतागलीस, तो मीच होतो. हे सांगायला फोन केला होता. पंचावन्न सेकंद झाले आणि मला काही बोलता आलं नाही. म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवतो.

विजू, महिना उलटून गेला, ती रोज तुझ्याशी बोलते आहे. उद्यापासून फोन टेबलावर पालथा ठेवू नकोस. कानाला लाव.

तुझा,
गोपाळदादा