नावाड्याची चौथी बाजू

फॅवरशॅम,
४ मार्च १९७४

चि. डेस्मंड यास विनीताईचे अ. उ. आ. वि. वि.

देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. सिरिलचा खोकला गेला, पण औषध गोड असल्यामुळे तो अधूनमधून अजून खोकतो. तुझ्यासाठी हिरव्या लोकरीचा स्वेटर अर्धा झाला आहे. बाह्यांचं माप कळव, नाहीतर मागच्यासारखं एक हात उन्हाळ्यात आणि एक हिवाळ्यात राहील.

आता मुख्य गोष्ट. तुझा बालमित्र हॉवर्ड चाललाय. न्यूझीलंडला, डुनेडिनच्या एका शाळेत संगीताचा मास्तर म्हणून, कायमचा. आठ जूनला साउदॅम्प्टनहून बोट. रविवारी चॅपलमध्ये पाळकांनी सांगितलं तेव्हा मी स्तोत्रांचं पुस्तक उलटं धरून गात होते, तेही माझ्या लक्षात आलं नाही. नंतर ऑर्गनपाशी जाऊन त्याला विचारलं की डेस्मंडला कळवलंस का. त्यानं ऑर्गनचं झाकण लावलं आणि म्हणाला की त्याच्या त्या 'सातवा ठोका' नावाच्या संगीताच्या अंकात बातमीला जागा उरली असेल तर तो वाचेलच.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तेव्हापासून हॉवर्ड आणि तू माझ्याच स्वयंपाकघरात एका थाळीतलं ओरबाडून वाढलात. आज सव्वा वर्ष झालं, तुमचं बोलणं बंद. आणि कशावरून? शेतीवाडी नाही, कुणाची मुलगी नाही. एक नावाडी शेवटी बुडतो की घरी येतो, यावरून! तोही खरा नाही, रेकॉर्डवरचा.

एक जूनला, शनिवारी चार वाजता, मी हॉवर्डला निरोपाचा चहा देणार आहे. तू ये. संगीतावर बोललंच पाहिजे असं नाही, पावसावर बोला. पण तो जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणार आणि तू त्याचा हातही हातात न घेता बर्मिंगहॅमला बसून राहणार, हे मला चालायचं नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर मात्र हवं.

तुझी,
विनीताई

•

बर्मिंगहॅम,
११ मार्च १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाह्या साडेतेवीस इंच. नकाशे काढण्याच्या कचेरीत काम उदंड आहे.

तू म्हणतेस, एका नावाड्यावरून. ताई, एक स्तोत्र कुठल्या चालीत म्हणायचं यावरून तू मिसेस ट्विचेटशी चार वर्षं बोलत नव्हतीस. तेव्हा हसायचं काम नाही.

'नावाड्याचे वर्ष' ही मार्श लँटर्न या मंडळींची दोन तबकड्यांची एकच सलग रचना आहे. शब्द मोजून सोळा ओळी. बाकी सगळी गोष्ट बासरी, ऑर्गन आणि टेपवरची व्हायोलिनं वाजवणाऱ्या त्या पेटीनं सांगितली आहे. वसंतात नावाडी निघतो. मध्ये हिवाळ्याचा भाग येतो: ऑर्गन, दाराची कडी, किटलीची शिट्टी. ते त्याचं घरचं स्वप्न. मग पलीकडच्या काठावरची उन्हाळी जत्रा, आणि शेवटी वादळ. सात मात्रांची घंटा आधी पाचांवर येते, मग तिनांवर, आणि मध्येच तुटते. पुढे काही नाही. असा शेवट करायला छाती लागते. आमच्या अंकात मी सात पानं लिहून हे मांडलं आणि बर्मिंगहॅमचा आमचा अख्खा गट तेच मानतो. बाजूंचे आकडे आम्ही अंकात कधीच लिहीत नाही. सलग रचनेला आकडे घालणं म्हणजे नदीला कुंपण घालणं. ऋतूंची नावं लिहायची, अशी शिस्त आहे.

यावर हॉवर्डनं छापायला काय पाठवावं? नावाडी सुखरूप घरी येतो, हे कान असलेल्या कुणालाही कळेल. डेस्मंड ठोके मोजतो, ऐकत नाही. मी छापलं, आणि खाली संपादकाची टीप टाकली की चॅपलचा ऑर्गनवादक आमेन झाल्याशिवाय बाकावरून उठत नाही.

वीस वर्षांहून अधिक काळ ज्याच्यासोबत ऐकलं, त्यानं मी ऐकत नाही असं म्हणावं? ते शब्द त्यानं मागे घ्यावेत, मी एक जूनला येतो. नाहीतर त्याला माझ्या शुभेच्छा कळव. कोरड्या.

सिरिलदाजींना नमस्कार. राग धरू नकोस, धरलास तरी स्वेटर पाठव.

तुझा,
डेस्मंड

•

फॅवरशॅम,
१७ एप्रिल १९७४

चि. डेस्मंड यास अ. उ. आ. वि. वि.

ईस्टर छान झाला. हॉवर्डनं ऑर्गन असा वाजवला की मिसेस ट्विचेट रडली, आणि मी तिला माझा रुमाल दिला. बघ, होतं असं.

सोमवारी तो एक चौकोनी पुडकं घेऊन आला. तो नावाडी तू एकाच दिवशी दोन घेतले होतेस ना, एक तुझा आणि एक त्याला वाढदिवसाला दिलेला? तोच. म्हणाला की हा ज्याचा आहे त्याला द्या, मी बरोबर नेणार नाही. मी ठेवून घेतला. तो गेल्यावर माझ्या मनात आलं की ज्या वस्तूनं घरात भांडण लावलं ती एकदा ऐकून तरी बघावी. न ऐकता निवाडा करणं पाप आहे.

दुपारी बटाटे सोलायला घेतले आणि आपला रेडिओग्राम लावला. दोन्ही तबकड्या एकावर एक यंत्राच्या मधल्या उंच दांडीवर ठेवल्या. खालची आधी पडते, ती झाली की वरची. दोन्ही वाजल्या की आख्खी चळत उचलून पॅनकेकसारखी उलटायची आणि पुन्हा दांडीवर. सिरिलच्या नाचाच्या रेकॉर्डी आम्ही अशाच ऐकतो.

खरं सांगते, पहिल्या बाजूची बासरी मला आवडली. जत्रा गोंगाटाची आहे, पण जत्रा तशीच असते. वादळ फार लांबलं, आपले पाळक बायबलातल्या गणनेच्या पुस्तकावर बोलतात तसं. पण ती घंटा तुटली तेव्हा बटाटा हातात धरून मी उभीच राहिले. तुझी आठवण आली. मलाही वाटलं, गेला बिचारा.

आणि मग वरची तबकडी खाली पडली. अगदी हळू ऑर्गन सुरू झाला. कितीतरी वेळ तो नुसता श्वास घेतल्यासारखा वाजत राहिला. मग दाराची कडी निघाली. मग किटली. मी आमची किटली बघून आले, तेव्हा कळलं की ती रेकॉर्डमधली.

एकच समजलं नाही. तू लिहिलंस की घरी येणं मध्ये आहे. इथे तर ते सगळ्यात शेवटी आलं. असं कसं?

स्वेटर निघाला आहे. माया त्याच्या आत विणली आहे, वेगळी पाठवत नाही.

तुझी,
विनीताई

•

बर्मिंगहॅम,
२२ एप्रिल १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

स्वेटर उत्तम बसला. तुझं पत्र मात्र वाचवलं नाही. इतकी चांगली तबकडी, आणि ती त्या यंत्रावर! ताई, तो रेडिओग्राम नव्हे, कॉफी दळायची गिरणी आहे. एका तबकडीवर दुसरी आपटते, सुई चालते त्या पन्हळी घासल्या जातात.

शेवटी घर आलं, कारण तुझ्या गिरणीनं क्रम बिघडवला. तबकडी उलटली की पुढची बाजू येते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आमच्याकडे हे काम कसं होतं ते ऐक. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही सातजण किराणा दुकानावरच्या खोलीत जमतो. पडदे ओढून अंधार करायचा. सुई उठेपर्यंत कुणी बोलायचं नाही. जो बोलेल किंवा खोकेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. नवी तबकडी पहिल्यांदा वाजते तेव्हाच ती टेपवर उतरवून घ्यायची, आणि मग पिशवीत घालून कायमची ठेवायची. पुढे ऐकायची ती टेप. माझा नावाडी दोन वर्षांत पिशवीबाहेर आलेला नाही. त्याच्यावर बोटाचा एक ठसा नाही. टेपच्या प्रती गटातल्या सगळ्यांकडे आहेत, आणि सगळ्यांच्या टेपवर तो शेवटी बुडतो.

हॉवर्डनं माझी भेट परत केली, हे मात्र लागलं. ते त्याला सांगू नकोस.

रागात लिहिलंय, पण नमस्कार नेहमीचाच.

डेस्मंड

•

फॅवरशॅम,
२५ एप्रिल १९७४

चि. डेस्मंड यास आ. वि. वि.

गिरणीवाल्या बाईचं थोडं ऐक. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण कुठलीही वही उघडली की आधी पानावरचा आकडा बघते. तुमची नदी असेल, तबकडी बनवणाऱ्यांनी तिच्या मधल्या गोल कागदावर आकडे छापले आहेत. चष्मा लावून वाचले.

पहिल्या तबकडीवर एका अंगाला एक आहे. तिच्या पाठीला चार. दुसरीवर एका अंगाला दोन, पाठीला तीन.

सिरिल म्हणतो, आमच्यासारख्या यंत्रांसाठी पुष्कळदा असं करतात, म्हणजे चळत एकदाच उलटावी लागते. तू पहिली तबकडी वाजवून लगेच उलटली असशील, तर एकावर चार वाजवलेस बाळा, आणि मग दोन, तीन. पडदे ओढलेल्या खोलीत, बोलायची बंदी असताना, तुला कोण सांगणार?

तुझी पिशवी उघड आणि बघ. वाजवू नकोस हवी तर. वाचायला वाजवावी लागत नाही.

आशीर्वाद आहेतच, ते क्रमानं घे.

विनीताई

•

बर्मिंगहॅम,
९ मे १९७४

ती. ताईस सा. न.

पाठीला चार आहे. छापील, ठसठशीत.

दोन आठवडे पिशवी टेबलावर ठेवून नुसता बघत होतो, काल उघडली. सात पानं लिहिली मी, ताई. गटातल्या सगळ्यांना बुडवलं. आणि जो नीट ऐकत होता त्याची टिंगल छापली.

एक जूनला मी यावं असं आता वाटत नाही. कोणत्या तोंडानं येऊ?

डेस्मंड

•

फॅवरशॅम,
१३ मे १९७४

चि. डेस्मंड यास अनेक, अनेक आशीर्वाद.

तोंड एकच आहे, तेच घेऊन ये. इथे सगळ्यांनी ते धुतलेलं आणि न धुतलेलं, दोन्ही पाहिलं आहे.

या चुकीत माझाही वाटा आहे, तो मी उचलते. आईचा निळ्या वेलीचा चहाचा संच पंचवीस वर्षं मी कपाटात जपला. राजा आला तर काढू, असं म्हणायचे. चहा प्यायलो आपण चिरलेल्या पेल्यांतून. चांगली वस्तू वापरायची नाही, हे तू कुठे शिकलास ते मला विचारू नकोस. काल तो संच बाहेर काढला, धुतला. एक जूनला चहा त्यातच होणार. मिसेस ट्विचेटच्या हातून एखादा कप फुटला तर फुटला.

हॉवर्डला मी काहीही सांगितलेलं नाही. ते सांगणं तुझं. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असं शास्त्र सांगतं. तुमचा सूर्य किती वेळा मावळला ते मोज; तुला मोजायची आवड आहे.

चार वाजता. तुझ्या आवडीचा बियांचा केक आहे. बाकी सारं भेटीत.

तुझी,
विनीताई

•

जहाजावरून,
१९ जून १९७४

ती. विनीताईंस हॉवर्डचा सा. न. वि. वि.

पुढच्या बंदरात टपाल उतरवणार आहेत म्हणून घाईनं लिहितो. तब्येत ठीक, जेवण सपक. तुमच्या केकचा शेवटचा तुकडा विषुववृत्ताच्या दोन दिवस अलीकडे संपला.

निरोपाच्या चहाच्या दिवशी तुम्ही गरम पाणी घेऊन आलात, आम्हाला काहीतरी विचारलंत, आणि आम्ही दोघंही मख्खासारखे बसून राहिलो. तुम्ही रागावून परत गेलात. त्याचा खुलासा करायचा राहिला.

डेस्मंड आला तो माझ्याकडे न बघता सरळ रेडिओग्रामपाशी गेला. पिशवीतून त्याची स्वतःची प्रत काढली. ताई, तिच्यावर धुळीचा कण नव्हता. ती तो त्या दांडीवर चढवायला लागला. मी ओरडलो की वेडा आहेस का, खराब होईल, माझी लाव. तो एवढंच म्हणाला की पडदे ओढ, आणि आता जो बोलेल तो चहा करेल. म्हणून तुम्हाला उत्तर दिलं नाही. चहा तुम्ही आधीच केला होतात, आम्हाला तो बिघडवायचा नव्हता.

दोन तबकड्या एकमेकींवर आपटल्या तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. पण उठला नाही. मध्ये एकदा चळत उलटली तेवढंच, चौथी बाजू संपून सुई उठेपर्यंत आम्ही हललो नाही. मग म्हणाला की चुकलो, हॉवर्ड, मी दोन वर्षं भलत्याच क्रमानं ऐकत होतो. कसं ते सांगितलं, आणि आम्ही इतके हसलो की सिरिलदाजी खोकल्याचं औषध घेऊन धावत आले.

त्याच्या तबकडीवर ओरखडा पडलाच. तिसऱ्या बाजूवर, घंटा तुटायच्या जरा आधी, टक् असा आवाज येतो. सात मात्रांच्या घंटेला आता आठवा ठोका आहे. माझी प्रत बिनओरखड्याची होती, ती घेऊन जा म्हणून त्यानं आग्रह केला. मी त्याची ठोक्याची प्रत मागून घेतली.

येताना त्यानं त्याची ती जुनी, चुकीच्या क्रमाची टेपही कॅसेटवर उतरवून आणली होती, ती माझ्या खिशात घातली. परवा केबिनमध्ये ऐकली. आणि काय सांगू, त्या क्रमानं तो खरोखरच बुडतो. डेस्मंडनं जे ऐकलं ते चोख ऐकलं होतं. माझा टोमणा मी मागे घेतला आहे, सोबत अंकासाठी सहा पानं पाठवतो, त्याला द्या. चुकीचा क्रमच जास्त थोर आहे, असं मी लिहिलंय. तो आता घरी येण्याच्या बाजूनं लिहिणार, म्हणजे भांडण पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. तुम्ही मध्ये पडू नका.

मात्र बोट पाण्यावर आहे तोवर ती कॅसेट पुन्हा लावायची नाही, असं ठरवलं आहे. डुनेडिनला खोली मिळाली की पहिल्या दिवशी चौथी बाजू लावेन. त्याआधी बाजारात जाऊन किटली घ्यायची आहे.

आजवर दिलात तसाच घास-घोट पुढेही माझ्यासाठी राखून ठेवा.

तुमचा,
हॉवर्ड