ब्रेकवाला डायनो

परभणी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आदिनाथ,

सप्रेम नमस्कार. वालूरला सगळे बरे असतील. कस्तुराकाकूंचे गुडघे कसे हायेत? मी बरा हाय. इतकी वर्षं मीच तुला टाळलं. आता तू फोन उचलत न्हाईस, त्यात तुझं काही चुकलं न्हाई. म्हणून लिहायलोय.

बातमी अशी, की माझ्या गॅरेजात डायनो येणार. आपण मोबाईलवर बघायचो तोच. गाडी जागेवर बांधायची, मागचं चाक रोलरवर पळवायचं अन् इंजिनाची ताकद मोजायची. मागल्या आठवड्यात पुण्याला जाऊन दोन बघितले. पहिल्याला नुसता जड रोलर. "सगळे हाच नेतात," विकणारा म्हणाला. मी माझी टर्बोची गाडी चढवली, ॲक्सिलरेटरची मूठ पिळली, तर टर्बोचा हवेचा दाब पुरता भरायच्या आतच फेरी संपली. कागदावर आकडा मात्र झकास.

दुसऱ्याच्या रोलरला ब्रेक. पाहिजे त्या वेगावर गाडी ओझ्याखाली धरून ठेवतो. दाब भरला की पेट्रोल कुठं कमी पडायलंय, ते मीटरवर निवांत दिसतं. माझ्या गाडीचं दिसलं. पेट्रोलची रेघ एकदम खाली आली. तशी रेघ मी आधी एकदाच बघितली होती.

"परभणीत एवढं कोण मागतंय? साधा घ्या की," तो म्हणाला. मी ब्रेकवालाच घेतला.

आदिनाथ, सात वर्षांपूर्वी सेलूच्या रस्त्यावर आपण तुझी गाडी पळवून बघायलो होतो. पहिल्या फेरीनंतर मी लॅपटॉपवर तीच रेघ बघितली. पेट्रोल कमी पडत होतं. तू विचारलंस, "ठीक हाय का रे?" मी म्हणालो, "हाय. पिळ." दुसऱ्या दिवशी शर्यत होती, सगळं पुन्हा जुळवायला वेळ नव्हता, अन् मला जिंकायचं होतं. दुसऱ्या फेरीत पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं, पिस्टन जॅम झाला, मागचं चाक अडकलं. तुझं मनगट कायमचं गेलं.

दवाखान्यात किशनकाकांनी विचारलं तेव्हा तू बेशुद्ध होतास. मी म्हणालो, "यानं लय पिळली." शुद्धीवर आल्यावर तुला काही आठवलं न्हाई. तूही तेच खरं मानलंस.

परवा सेलूच्या बसस्टँडवर काका भेटले. त्यांना सगळं सांगितलं. काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "सात साल म्या पोराला उतावळा म्हणलो. पाव्हण्यांपुढं म्हणलो. ट्रॅक्टरला हात लावू दिला न्हाई."

एसटी लागली. मी त्यांची पिशवी उचलायला गेलो.

"राहू दे. माझी मी नेतो."

घरी आल्यावर ते तुला काही बोलले का? मला वाटत न्हाई. असलं बोलणं त्यांना जमत न्हाई. बोलले नसतील, तर हे पत्र त्यांच्यापुढं मोठ्यानं वाच. काकूंनाही ऐकू जाऊ दे. पुढं कोणाला दाखवायचं असेल तर दाखव, मी नाकारणार न्हाई.

माफी कोणत्या तोंडानं मागू? तुझी मूठ बरोबर होती, एवढं मात्र माझ्या हातानं लिहून देतो.

खाली 'तुझा' लिहायला हात धजत न्हाई.

महारुद्र